बहर तीन आठवड्यांचा, बाग शंभर वर्षांची: अ‍ॅन आर्बरच्या पिओनींची गोष्ट

मे महिना संपत आला की अमेरिकेत राहणाऱ्या मित्रमैत्रिणींच्या स्टोरीजमध्ये एक फूल हमखास दिसायला लागतं. तळहाताएवढं मोठं, गच्च पाकळ्यांचं. गुलाबासारखं वाटतं, पण गुलाब नसतं. हे फूल म्हणजे पिओनी.

आता यातले बरेच फोटो एकाच ठिकाणचे असतात. मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर शहरात मिशिगन विद्यापीठाचं निकल्स आर्बोरेटम आहे. आर्बोरेटम म्हणजे अभ्यासासाठी आणि लोकांना फिरण्यासाठी जपलेली झाडांची बाग. तिथल्या एका कोपऱ्यात पिओनीचे २७ वाफे आहेत. बहर ऐन भरात असतो तेव्हा या वाफ्यांमध्ये एकाच वेळी १० हजारांपर्यंत फुलं असतात. बाग बघायला तिकीट नाही. लोक लहान मुलांना घेऊन येतात, पदवीचे झगे घालून येतात, लग्नाचे फोटो काढतात. साधारण तीन आठवडे हा मेळा चालतो आणि जूनच्या मध्यावर संपतो.

पण हा सीझन म्हणजे फक्त फोटोंचा हंगाम नाही. या बागेतल्या कित्येक जाती जगात मोजक्या ठिकाणी उरल्या आहेत, आणि त्या ओळखायची संधी वर्षातून एवढे तीनच आठवडे मिळते. त्यामागची गोष्ट बघूया.

पिओनी म्हणजे नेमकं काय?

पिओनी ही गुलाबाची नातेवाईक नाही. वनस्पतीशास्त्रात तिचं स्वतःचं वेगळं कूळ आहे आणि त्या कुळात हा एकच वंश आहे. त्यात तीसेक नैसर्गिक प्रजाती येतात. त्या युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात सापडतात.

बागांमध्ये तिचे तीन मुख्य प्रकार दिसतात.

पहिला, जमिनीलगतची पिओनी. हिवाळ्यात हिचा वरचा सगळा पाला वाळून जातो आणि जमिनीखाली जाड मुळांचा गड्डा जिवंत राहतो. आपल्याकडे हळदीचं होतं तसंच. वसंत ऋतूत त्याच गड्ड्यातून लालसर कोंब वर येतात.

दुसरा, झुडपी पिओनी. हिच्या फांद्या लाकडासारख्या टणक असतात आणि हिवाळ्यात मरत नाहीत. चीनमध्ये ज्या 'मुदान'ला फुलांचा राजा म्हणतात ती हीच. चीनमधलं लुओयांग शहर तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे १९८३ पासून दरवर्षी पिओनी महोत्सव भरतो.

तिसरा प्रकार या दोघींच्या संकराचा. हा संकर होणारच नाही असं बराच काळ मानलं जायचं. जपानमधल्या तोइची इतो यांनी १९४८ मध्ये तो करून दाखवला. दुःखाची गोष्ट अशी की १९५६ मध्ये त्यांचं निधन झालं आणि त्यांच्या रोपांना फुलं आली ती त्यानंतर. आज या प्रकाराला जगभर 'इतो पिओनी' म्हणतात.

अ‍ॅन आर्बरची बाग मुख्यतः पहिल्या प्रकारची आहे. जुन्या, वारसा म्हणून जपलेल्या जमिनीलगतच्या पिओनींचा उत्तर अमेरिकेतला सर्वांत मोठा संग्रह म्हणून ती ओळखली जाते.

औषधाच्या गोळीतून उभी राहिलेली बाग

या बागेचं नाव आहे डब्ल्यू. ई. अपजॉन पिओनी गार्डन. विल्यम अपजॉन हे मिशिगन विद्यापीठातूनच १८७५ मध्ये डॉक्टर झाले. त्या काळातल्या औषधाच्या गोळ्या इतक्या कडक असायच्या की काही वेळा पोटात विरघळायच्याच नाहीत. अपजॉन यांनी अंगठ्याने दाबली तरी चुरा होईल अशी गोळी तयार केली, तिचं पेटंट घेतलं आणि कॅलमझू गावात औषध कंपनी काढली. कंपनी प्रचंड वाढली.

डॉक्टरांना नाद होता पिओनींचा. त्यांनी घरच्या बागेत शेकडो रोपं जमवली होती. १९२२ मध्ये त्यांनी त्यातली रोपं आपल्या जुन्या विद्यापीठाला देऊ केली. आर्बोरेटमचे तेव्हाचे संचालक ऑब्री टील्डी यांनी वाफ्यांची आखणी केली आणि १९२७ मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली.

आज तिथे १९ व्या आणि २० व्या शतकाच्या सुरुवातीच्या अडीचशेहून जास्त जाती आहेत. पिओनीचं एक झाड नीट सांभाळलं तर शंभर वर्षं सहज जगतं. पणजीने लावलेल्या झाडाची फुलं पणतीने तोडावीत, असं अमेरिकेतल्या अनेक घरांमध्ये खरोखर घडलेलं आहे.

जुनी जात जपायची म्हणजे काय करायचं?

हे समजायला आपला हापूस मदतीला येतो.

हापूसची कोय लावली तर हापूसच येईल याची खात्री नसते. म्हणून आपण कलम करतो. म्हणजे आजचं प्रत्येक हापूसचं झाड हे जुन्या हापूसचाच पुढे चालत आलेला तुकडा असतो.

बागेतल्या पिओनींचंही तसंच आहे. बी लावलं तर वेगळंच फूल येतं. तीच जात हवी असेल तर गड्डा खणायचा, त्याचे तुकडे करायचे आणि ते लावायचे. 'फेस्टिवा मॅक्झिमा' नावाची पांढरी पिओनी १८५१ मध्ये फ्रान्समध्ये बाजारात आली. मध्ये मध्ये लाल ठिपके असलेलं तिचं फूल आज तुम्ही बघता, तेव्हा तुम्ही त्याच मूळ झाडाचा तुकडा बघत असता. गुलाबी 'सारा बर्नहार्ट' ही १९०६ ची. त्या काळच्या गाजलेल्या फ्रेंच अभिनेत्रीचं नाव तिला दिलेलं आहे. फुलवाल्यांकडे सर्वांत जास्त दिसणाऱ्या पिओनींपैकी ती एक आहे.

या दोघींना धोका नाही, कारण त्या विकल्या जातात. पण त्यांच्याबरोबर जन्मलेल्या शेकडो जाती बाजारातून बाहेर पडल्या. फॅशन बदलली, रोपवाटिका बंद झाल्या, जुन्या घरांची अंगणं गेली. ज्या जातीचं बियाणं साठवून ठेवता येत नाही, ती जिवंत ठेवायचा मार्ग एकच. कुणीतरी ती जमिनीत लावून वर्षानुवर्षं सांभाळली पाहिजे. शेवटचं झाड गेलं की जात संपली. नंतर पैसे देऊनही ती परत मिळत नाही.

आणि मग नावांचा घोळ

समजा झाड वाचलं, पण त्याचं नावच हरवलं तर?

पिओनीच्या बाबतीत हा घोळ फार जुना आहे. १९ व्या शतकाच्या शेवटी पिओनीची एवढी हौस वाढली की एकच जात चार दुकानांत चार नावांनी विकली जायची आणि एकाच नावाखाली वेगवेगळी झाडं मिळायची. गिऱ्हाईक वैतागले, तसेच प्रामाणिक रोपवाटिकावालेही वैतागले. त्यातूनच १९०३ मध्ये अमेरिकन पिओनी सोसायटी स्थापन झाली. तिने कॉर्नेल विद्यापीठासोबत वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली झाडं एकत्र लावून तपासायचं काम हातात घेतलं. १९०७ मध्ये नावांची एक मोठी यादीही छापली गेली. जगभरातल्या नव्या पिओनींच्या नावांची नोंद आजही याच संस्थेकडे होते.

अ‍ॅन आर्बरची बाग या घोळाच्या काळानंतर लगेचच उभी राहिली. त्यामुळे तिथली नीट नाव लागलेली झाडं म्हणजे एक प्रकारचा जिवंत संदर्भग्रंथ आहे. दुसऱ्या गावातल्या एखाद्या जुन्या झाडाचं नाव शोधायचं असेल, तर त्याचं फूल इथल्या फुलांशी ताडून बघता येतं.

पण हे काम कधी करायचं? पानांवरून पिओनीची जात सांगणं फार अवघड. फूल उमललेलंच लागतं. पाकळ्यांची रचना, मधले पुंकेसर, रंग फिका पडताना कसा बदलतो, वास, दांड्याची उंची, लवकर फुलते की उशिरा, हे सगळं एकत्र बघावं लागतं. एका झाडाचं फूल आठवडा-दहा दिवस टिकतं. पाऊस जोराचा झाला तर तेवढंही नाही. एखाद्या झाडाबद्दल शंका राहिली तर पुढच्या जूनपर्यंत थांबायचं. त्यात हलवलेल्या किंवा नव्याने लावलेल्या झाडाला त्याच्या खऱ्या रूपात फुलं यायला तीनेक वर्षं लागतात.

म्हणजे आपण जिथे सेल्फी काढत असतो, तिथे बाग सांभाळणाऱ्यांची वार्षिक परीक्षा चालू असते.

थंडी नाही, तर फूल नाही

पिओनीला बहर येण्यासाठी कडक हिवाळा लागतो. साधारण ५०० ते १००० तास तापमान ४-५ अंश सेल्सिअसच्या खाली राहावं लागतं. हे तास भरले की गड्ड्यावरचे डोळे झोपेतून जागे होतात. ते भरले नाहीत तर पानं येतात, पण फूल येत नाही.

यामागे झाडाचा साधा हिशोब आहे. हिवाळ्यात मध्येच दोन दिवस ऊन पडलं म्हणून कोंब वर आला, तर पुढच्या बर्फात तो मरेल. म्हणून झाड थंडीचे तास 'मोजतं' आणि हिवाळा खरोखर सरला आहे याची खात्री झाल्यावरच वाढायला लागतं. आपल्याकडे थंडी नीट पडली नाही तर आंब्याचा मोहर कसा लांबतो, हे कोकणातला कुठलाही बागायतदार सांगेल. आंब्याला लागणारी थंडी खूपच सौम्य असते. पिओनीला मात्र खरीखुरी हाडं गोठवणारी लागते.

मिशिगनमध्ये थंडीचा तुटवडा नाही. तिथे प्रश्न येतो तो वेळेचा. वसंत लवकर तापला तर कळ्या लवकर येतात आणि उशिरा आलेल्या गारठ्यात करपू शकतात. ऐन बहरात उकाडा वाढला तर फुलं भराभर उमलून गळतात आणि तीन आठवड्यांचा सोहळा आवरतो. म्हणून बागेला सीझनची पक्की तारीख आधीच सांगता येत नाही. मेच्या शेवटापासून बाग बहराचे अपडेट ऑनलाइन टाकत राहते आणि लोक ते बघून सुट्टी ठरवतात.

हवामान आणि पिओनी यांचं नातं किती घट्ट आहे, याचं एक मजेदार उदाहरण अलास्कात आहे. फेअरबँक्सच्या जॉर्जसन बोटॅनिकल गार्डनमध्ये फलोद्यानशास्त्राच्या प्राध्यापक पॅट हॉलोवे यांनी २००१ च्या सुमारास पिओनी लावून पाहिल्या. तिथला हिवाळा लांब, त्यामुळे फुलं आली ती थेट जुलैमध्ये. तोपर्यंत बाकी उत्तर गोलार्धातला हंगाम संपलेला असतो, पण लग्नं मात्र जोरात चालू असतात. फुलांच्या व्यापाऱ्यांच्या हे लक्षात आलं आणि अलास्कात पिओनीची शेती सुरू झाली. एका बोटॅनिकल गार्डनमधल्या प्रयोगातून एक अख्खा शेती व्यवसाय उभा राहिला.

मुंग्यांमुळे पिओनी उमलते का?

या सीझनमध्ये हा दावा दरवर्षी फिरतो. पिओनीच्या कळ्यांवर मुंग्या चढलेल्या दिसतात आणि 'मुंग्यांनी कळी उघडली नाही तर फूल उमलतच नाही' असं सांगितलं जातं.

हे खरं नाही. पिओनीच्या कळीबाहेरच्या हिरव्या दलांवर गोड रस पाझरतो. मुंग्या तो खायला येतात. बदल्यात कळी कुरतडणाऱ्या किड्यांना त्या हुसकावतात. म्हणजे मुंग्या म्हणजे राखणदार. त्या नसल्या तरी कळी आपली आपणच उमलते. म्हणून फवारणी करायची गरज नाही. फुलं घरात नेण्याआधी हलक्या हाताने झटकली की पुरे.

जून २०२५: एका पहाटे फुलं कापली गेली

या बागेचं लोकांच्या मनात काय स्थान आहे, ते २०२५ च्या सीझनमध्ये वेगळ्याच पद्धतीने समोर आलं. ८ जूनच्या सकाळी सुमारे २५० झाडांवरची फुलं कापून टाकलेली आढळली. बहर ऐन भरात होता. तिथे पॅलेस्टाईनबद्दलची पत्रकं सापडली आणि विद्यापीठाच्या पोलिसांनी तपास सुरू केला.

माणसं मरत असताना फुलांसाठी हळहळायचं का, हा प्रश्न त्यातून विचारला गेला. प्रश्न हलका नाही. पण या बागेच्या शेजारीच विद्यापीठाचं मोठं रुग्णालय आहे. पेशंट, त्यांचे नातेवाईक, ड्युटी संपलेल्या नर्स अशा कितीतरी लोकांना मोकळा श्वास घ्यायला ही जागा जवळची आहे. या फुलांसाठी वाईट वाटणं आणि माणसांसाठी वाईट वाटणं यातलं एकच निवडायला हवं, असं काही नाही.

झाडांचं काय झालं? इथे पिओनीचं जीवशास्त्र कामी येतं. तिचा जीव जमिनीखाली असतो. फूल कापल्याने झाड मरत नाही. पण दांड्यासोबत पानं गेली, तर पुढच्या वर्षीसाठी गड्ड्यात साठणारं अन्न कमी होतं. म्हणूनच पिओनी लावणारे लोक घरची फुलं तोडतानाही दांड्यावर किमान दोन-तीन पानं ठेवतात. त्या सीझनपुरतं मात्र एक नुकसान भरून येणारं नव्हतं. कापलेल्या फुलांसोबत त्या झाडांची त्या वर्षीची ओळख-तपासणीही गेली.

आपल्याकडे पिओनी येते का?

पुण्या-मुंबईत कुंडीत लावायचा विचार असेल तर थांबा. ऑनलाइन 'पिओनीचे कंद' आणि 'पिओनीच्या बिया' विकणाऱ्या जाहिराती दिसतात. आपल्या हवेत त्यांना थंडीचे तास मिळणं अशक्य आहे. महाबळेश्वरला दर हिवाळ्यात वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. पण तो गारठा पहाटेच्या काही तासांचा असतो. पिओनीला तो आठवडेच्या आठवडे हवा असतो.

आपल्याकडच्या मोठ्या लग्नांच्या सजावटीत दिसणाऱ्या पिओनी म्हणूनच बहुतेक वेळा बाहेरून आलेल्या असतात. उन्हाळ्याच्या तोंडावर नेदरलँड्सच्या बाजारातून, तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये न्यूझीलंड आणि चिलीसारख्या दक्षिण गोलार्धातल्या देशांतून त्या जगभर जातात. किंमत जास्त असण्याचं हे मोठं कारण.

पण भारताची स्वतःची पिओनी आहे! पश्चिम हिमालयात पांढऱ्या, एकेरी पाकळ्यांची एक देखणी पिओनी रानात उगवते. तिच्या शास्त्रीय नावातला 'इमोडी' हा शब्द हिमालयाच्या जुन्या ग्रीक-लॅटिन नावावरून आलेला आहे. काश्मीरच्या बाजूला तिला 'मामेख' म्हणतात. युनानी औषधांत पिओनीची मुळं 'ऊद सलीब' या नावाने वापरली जातात. औषध म्हणून परस्पर काही घेऊ नका, पण वसंतात हिमालयात ट्रेकला गेलात तर हे फूल ओळखता यायला हरकत नाही. आणि दिसलं तर खणून आणू नका. आपल्या गॅलरीत ते जगणार नाही.

अ‍ॅन आर्बरला जाणार असाल तर

मुलांकडे किंवा भावंडांकडे मिशिगनला उन्हाळ्यात जाणारे बरेच जण असतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी.

- मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा मध्य हा साधारण काळ. निघण्याआधी बागेचे अपडेट बघा.
- शनिवार-रविवारी गर्दी असते आणि पार्किंग मिळणं कठीण. शक्य असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी लवकर जा.
- वाफ्यांमधल्या गवताच्या वाटेवरूनच चाला. फोटोसाठी वाफ्यात पाय ठेवू नका. पुढच्या वर्षीचे डोळे मातीत जेमतेम दोन-पाच सेंटीमीटर खाली असतात आणि ते पायाखाली मोडतात.
- फुलासोबत त्याच्या पाटीचाही फोटो काढा. नाव, ज्याने ती जात तयार केली तो माणूस आणि वर्ष वाचा.

ही शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. फीडमधून फूल दोन सेकंदांत पुढे सरकतं. ती पाटी मात्र खरी राहावी म्हणून कुणाला तरी फुलासमोर उभं राहून ते तपासावं लागतं. पुढच्या वेळी कुणाच्या स्टोरीत पिओनी दिसली, तर 'किती सुंदर!' म्हणून झाल्यावर एक प्रश्न नक्की विचारा: हिचं नाव काय?